बोजारा

फॉर्मात एक रकाना होता: घरापासून शाळेचं अंतर.
मी लिहिलं, अकरा किलोमीटर.
गल्लीच्या तोंडाशी मनपाची शाळा आहे,
भिंतीवर अडीचकीचा पाढा रंगवलेला.
तिचं अंतर कोणी विचारलं नव्हतं.

आम्ही वाईट काही बोललो नाही,
हे मी शपथेवर सांगेन.
बालवाडीत ऋजुताचा एक मित्र होता, सम्यक.
हिच्या पराठ्यातला अर्धा त्याचा,
त्याच्या मुरमुऱ्यांतले शेंगदाणे हिचे.
रात्री कूलरसमोर केस वाळवत ती सांगायची,
सम्यकला शिट्टी येते, सम्यकचा दात हलतो.
सासूबाईंनी मेथी निवडता निवडता विचारलं,
"पूर्ण नाव काय गं त्याचं?"
आवाजात काहीच नव्हतं,
काडी मोडावी एवढाच आवाज.
"सम्यक."
"अगं, पुढचं?"
पुढचं तिला माहीत नव्हतं.
दुसऱ्या दिवशी ती विचारून आली,
वाटेत सांडू नये म्हणून
पुन्हा पुन्हा म्हणत,
भरला पेला आणावा तशी.
सासूबाई "हं" म्हणाल्या.
त्या "हं"मध्ये मीही होते.
पातेलं घासत होते,
पण होते.

मग शाळांचा विषय निघाला.
याची मावसबहीण, माझ्या ऑफिसातला कोणी,
जात कोणीच काढली नाही.
सगळे म्हणाले,
"तिथला क्राउड तेवढा पाहून घ्या."
क्राउड.
धुवून, इस्त्री करून
घडी घातलेला शब्द.
हा म्हणाला, फी जास्त आहे, पण क्राउड चांगला आहे.
मी म्हटलं, बस दारातून मिळते.
ऋजुता फरशीवर चित्र रंगवत होती.
आम्हाला वाटलं,
रंगवते आहे.

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी मारबत निघाली.
खोकला घेऊन जा गे मारबत,
डास घेऊन जा, महागाई घेऊन जा.
खांद्यावर बसून ऋजुताही ओरडली, घसा बसेपर्यंत.
संध्याकाळी लाकडी बैल घेऊन पोट्टे निघाले.
हिच्या बैलाचं एक चाक करकरत होतं.
दारोदार बोजारा मिळाला:
चॉकलेटं, दहाची नोट,
एका काकूंनी तर स्केचपेनची डबी दिली.
पुलापलीकडच्या निळ्या फाटकाशी
तिनं दोरी ओढून बैल थांबवला.
"इथे नको, आई."
"काऊन?" माहेरचा शब्द निसटला तोंडातून.
"क्राउड चांगला नाही ना."

फाटकाच्या आत एक बाई उभी होती,
हातात नाण्यांची वाटी.
तिनं ऐकलं की नाही,
मला अजून कळलेलं नाही.
"ये बाप्पा, बैल थकला असन. नाव काय तुह्यं?"
ऋजुतानं हात मागे बांधले,
नव्या शाळेत शिकवतात तसे,
आणि पूर्ण नाव सांगितलं.
(ते मी इथे लिहीत नाही.
तुम्हीही तेच शोधत असाल.)
"अन् बैलाचं?"
"गोटू."
"पुढचं?"
ऋजुतानं माझ्याकडे पाहिलं,
मग बैलाकडे.
"बैलाला पुढचं नसते."
बाई हसली नाही.
एक नाणं हिच्या हातावर ठेवलं,
एक बैलाच्या पाटावर,
दोन चाकांच्या मधोमध.

परत येताना चाक करकरतच होतं.
तेल घालायला हवं, मी म्हटलं.
दोनदा म्हटलं.

सोमवारी फीचा दुसरा हप्ता आहे.
भरणार आहोत.

झोपताना तिनं विचारलं,
"त्या काकूंचं पूर्ण नाव काय?"
मी म्हटलं, मला नाही माहीत.
फाटकावर पाटी होती.
बैल थांबायच्या आधीच
मी ती वाचली होती.